आत्याचा वाकडा धुरा

आमची गोपिकाआत्या कुणालाच भीत नसे. दिघोरीच्या शिवारात रानडुकरं शिरली की ती एकटी काठी घेऊन धावे, आणि आम्ही पुतणे मागे सुरक्षित उभे राहून तिला धीर देत असू. "मले काय होते?" हे तिचं ठरलेलं वाक्य.

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत एकदा तिने शेजारच्या नामदेवकाकांना चिखलातच अडवलं. दोन शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, त्यांनी आमच्याकडे सरकवला, हा आरोप. "काल नीट होता, आज मधातच पोट काढून राहिला. काहून रे नामदेव?" बिचाऱ्या काकांनी दोरी ताणून दाखवली. धुरा सरळच होता. आत्या म्हणाली, "दोरी बी वाकडीच हाय." ताणलेली दोरीही तिला वाकडी दिसते म्हटल्यावर मी तिला डोळे दाखवायला भंडाऱ्याला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढल्या आहेत, त्या गळताहेत. इंजेक्शन डोळ्यातच द्यावं लागेल, दर महिन्याला.

"डोऱ्यात सुई? मले नाही जमत बापू." आत्या उठली ती थेट एसटीत जाऊन बसली. मी विनवण्या केल्या, रागावलो, ती बधली नाही. धान घरात येईपर्यंत त्या डोळ्यात मधोमध काळा डाग कायमचा बसला. चांगल्या डोळ्यावर हात ठेवून ती मला म्हणे, "तुहं आंग दिसते, तोंड नाही दिसत." मला भयंकर भीती वाटे.

डावा डोळा रोज खिडकीच्या गजांकडे पाहून तपासायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. दिवाळीनंतर एका सकाळी तिचा फोन आला. "गज वाकडे दिसून राहिले रे. या डोऱ्यानं बी." मी काही बोलायच्या आत म्हणाली, "लुगडं बदलून बसली आहो. लवकर ये."

इंजेक्शनच्या खोलीच्या दारात तिने माझं मनगट असं आवळलं की नखं रुतली. "आजी, डोळा हलवायचा नाही हं," डॉक्टर म्हणाले.

"मी तं लय भेऊन राहिली डाक्टरसाहेब. तुम्ही नका भेऊ, तुमचा हात हालन."

दार बंद झालं. बाहेर मी मनगटावरचे नखांचे वण मोजत बसलो.

पुढेही प्रत्येक महिन्याला ती तशीच थरथरत गेली, पण गेली. अशाच एका फेरीला, एसटीची वाट पाहताना, तिने उजवा डोळा झाकला आणि डाव्याने माझ्याकडे टक लावून पाहिलं. मी तोंड तिच्यासमोर नीट धरलं.

"दाढी काहून नाही केली रे?" ती म्हणाली, आणि मी भर रस्त्यात रडू लागलो.