काकूंचा खांदा आणि कोन

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत ट्रॉय शहराजवळ शिकत होते आणि हाडांच्या एका डॉक्टरांकडे अर्धवेळ काम करत होते. खांद्याचा सांधा बदललेल्या पेशंटचा हात किती वर जातो ते मोजायचं आणि फॉर्म भरायचा. कोन वाढला की पेशंट सुधारला, असा डॉक्टरांचा साधा हिशोब होता.

एकदा मुलाकडे राहणाऱ्या एक मराठी काकू आल्या. ऑपरेशनला तीन महिने झाले होते. त्यांना इंग्रजी जेमतेम यायचं, म्हणून फॉर्मही मीच वाचून दाखवत होते. डोक्यावरून चेंडू फेकता येतो का, असा एक प्रश्न होता.

"कोणाला?" काकूंनी गंभीरपणे विचारलं.

मी हात मोजला. कोन जेमतेम वाढला होता. डॉक्टरांचा चेहरा पडला. काकू मात्र खुशीत होत्या. सून ऑफिसला जायच्या घाईत त्यांचे केस ओढून बांधायची, दिवसभर डोकं ठणकायचं. आता अंबाडा आपला आपण घालते, म्हणाल्या. मी ते डॉक्टरांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा काकूंनी तिथंच केसांतले आकडे काढले, कोपर टेबलावर टेकवलं, मान खाली घातली आणि अंबाडा घालून दाखवला.

हात वर गेलाच नाही, डोकं खाली आलं, असं डॉक्टर म्हणाले. मी मराठीत सांगितलं.

"अंबाडा झाला ना?" काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी फॉर्म पुढे ओढला. मग त्यांनी चेंडूचा प्रश्न खोडला आणि मला नवा लिहायला सांगितला: या हाताने तुम्हाला काय करायचं आहे? तो ऑपरेशनच्या आधी विचारायचा, नंतर पुन्हा विचारायचा. एका म्हाताऱ्याने गळ टाकायचाय म्हणून लिहिलं, एका बाईने नुसतं 'कुशीवर झोप'.

सहा महिन्यांच्या तपासणीला काकू आल्या त्या जरा हिरमुसलेल्या. हात बरा झाल्यामुळे पोळ्या आता त्यांच्याकडे आल्या होत्या. फॉर्मवर सुधारणा थोडी कमीच लिही, सुनेला दाखवायचाय, असं त्यांनी मला हळूच सांगितलं.

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतात? मला खोटं सुचलं नाही. ते इतके हसले की चष्मा काढावा लागला, आणि म्हणाले, हेही लिही. मी फाइलमध्ये लिहिलं: पोळ्या लाटतात. नाइलाजाने.