आवाजासकट

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. अकोले तालुक्यातल्या एका दूध संघात मी हिशेबनीस होतो. गावोगावच्या संकलन केंद्रांवर नवे संगणक बसले होते आणि दुधाची नोंद त्यावर कशी करायची, हे केंद्रचालकांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. संघाने त्यासाठी एक प्रोग्राम घेतला होता. पडद्यावर आपण जे करू ते तो जसंच्या तसं टिपायचा, आणि सोबत माइकवरचं बोलणंही.

आमचे व्यवस्थापक पुण्याहून आलेले. ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही फक्त पडदा रेकॉर्ड करा. आवाज आपण पुण्याहून घालून घेऊ. तुमचं बोलणं जरा रांगडं आहे."

"ऐकणारे कुठले आहेत, साहेब?"

"कुठलेही असोत. शिकवणी शुद्ध हवी."

मी बी.कॉम. झालेला, लिहिणं स्वच्छ, पण बोलायला राजूरकडचाच. टपरीवर एक बोली आणि कचेरीत दुसरी असं मला कधी जमलं नाही, जमवावंसंही वाटलं नाही. ज्या बोलण्यातून मी इतकी वर्षं लोकांना त्यांच्या दुधाचा दर समजावला, त्याची संगणकापुढेच लाज का वाटावी? शिकवणी जाईल ती माझ्या आवाजात, हे मी ठरवून टाकलं.

दुपारी कचेरी शांत असताना माइक जोडला. फुंकर मारली तर स्पीकर फुरफुरला. म्हणजे माइक चालू. मग सगळा धडा बोललो. "आधी सभासदाचा नंबर टाका. मंग लिटर. फॅट टाकल्याबिगर पुढं जाऊ नका, न्हाईतर दर चुकल." माझा शब्द न् शब्द स्पीकरमधून ऐकू येत होता. व्यवस्थापकांना बोलावून फाइल लावली. बाण सरकला, रकाने भरले. आवाज नाही.

"बघा," ते हसून म्हणाले, "मशीनलाही पटलं नाही."

ते गेल्यावर आवाजाच्या खिडक्या एकेक उघडून पाहिल्या. ऐकण्याची खिडकी वेगळी होती, रेकॉर्ड करण्याची वेगळी. पहिलीत माइक चालू होता, म्हणून स्पीकरवर मी मला ऐकू येत होतो. दुसरीत मात्र खूण माइकसमोर नव्हती. टेपरेकॉर्डर जोडायच्या जागेसमोर होती, आणि तिथे काहीच जोडलेलं नव्हतं. दूध एका कॅनमध्ये आणि फॅटचा नमुना शेजारच्या रिकाम्या कॅनमधून, असा प्रकार.

खूण माइकसमोर लावली. तोवर संध्याकाळच्या दुधाचे टेम्पो येऊ लागले होते. मी थांबलो नाही. बाहेर कॅन आदळत होते, आत मी बोलत होतो. या वेळी सगळं आलं, कॅनसुद्धा.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. "मागे केवढा गोंगाट. आणि हे 'मंग' काय, 'टाकल्याबिगर' काय. शिवाय पाच फ्लॉप्या लागतात. आवाज काढला तर एकीत मावेल. तो काढा आणि सोबत छापील कागद पाठवा."

फ्लॉप्यांचा हिशेब बरोबर होता, मीच काढून दिला होता. मी म्हणालो, "जागा आवाजच खातो, साहेब. पण शिकवतोही तोच. माझ्या हातून जाईल ती आवाजासकट. नुसतं चित्र हवं असेल तर दुसऱ्याकडून करून घ्या."

"हे मी संचालक मंडळापुढे ठेवीन."

"ठेवा. ऐकवा पण."

मंडळाच्या बैठकीची वाट न पाहता पहिला संच मी स्वतःच राजूरला घेऊन गेलो. केंद्रावर एक बाई नोंदी करायच्या. त्यांनी पहिली फ्लॉपी लावली, थोडं ऐकलं आणि उठून दारात गेल्या.

"काय झालं?"

"भाऊसाहेब, हे क्यान तुमच्यातले व्हय? मला वाटलं आमचाच टेम्पो आला."

मग बसल्या आणि मला काहीही न विचारता नोंद करू लागल्या. तिसऱ्या फ्लॉपीवर असताना व्यवस्थापकांचा फोन आला.

"तो संच परत घेऊन या."

मी बाईंना निरोप सांगितला. मान वर न करता त्या म्हणाल्या, "न्हाई देनार. शिकून हुस्तवर तर न्हाईच."

मी रिसीव्हर स्पीकरजवळ धरला. माझा आवाज, मागे कॅन, आणि मध्येच बाईंच्या बोटांची टकटक. संच परत आणायचं पुन्हा न सांगता त्यांनी फोन ठेवला. बाकीचे संच मी त्याच आठवड्यात केंद्रांवर पोचवले, प्रत्येकी पाच फ्लॉप्या.