हलव्याचा दाणा

मंदावहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. त्यांचा पुतण्या बोलत होता. तो आदल्या दिवशीच कर्जतहून पुन्हा आला होता. "काकू गेली. दहाला न्यायचं हाय. आंघोळ घालायला बाया लागतील, तुमी येता का?" मी "येते" म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेले मटार सोलून संपवले. आमची घरं एकाच गल्लीत, मध्ये फक्त सहा दारं. तरी मी शेंगा संपवल्या, सालं शेजारच्या गाईसाठी बाजूला ठेवली, हात धुतले आणि मग निघाले. कुणाला वाटेल धक्का बसला असेल बिचारीला. तसं काही नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि ते तोंडावर दिसू नये एवढ्यापुरता मला वेळ हवा होता.

त्याला आता महिना होऊन गेला. जामखेडच्या आमच्या गल्लीत ज्या बाया पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत आई झाल्या, त्यातल्या निम्म्याजणींच्या बाळंतपणात मंदावहिनींचा हात होता. डोहाळजेवणाला हिरव्या चाफ्याची वाडी कुणी भरायची, पाचवीला काय काय मांडायचं, बाळाला दात येताना काय चघळायला द्यायचं, हे सगळं त्यांना विचारायचं. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. ते सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी ते आपल्या सोयीनं वापरलं. कामाला वहिनी पुढे. ओटी भरायची वेळ आली की त्या आपणहून चुलीकडे जायच्या. "चहा ठेवते," म्हणायच्या. बायका ओटी भरून, उखाणे घेऊन मोकळ्या झाल्या की चहा बरोबर तयार असायचा. आम्ही तो प्यायचो आणि आलं कमी पडलं म्हणून नावं ठेवायचो.

गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहायचं असतं, पण त्या गोड नव्हत्या. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून त्या म्हणाल्या होत्या, "माप बरं हाय, पन तोंड आंबट हाय हिचं." अभय झाला आणि मला दूध पुरेना, तेव्हा सगळ्यांसमोर विचारलं, "खातीस काय गं, हवा?" आणि दुसऱ्या दिवसापासून रोज डिंक घातलेली अळीवाची खीर वाडगाभर आणून, मी संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या. चाळीस दिवस. चाळिसाव्या दिवशी वाडगा उचलताना म्हणाल्या, "आता तुझं तू बघ. लई लाड झाले." मला त्यांचा राग यायचा, आणि त्या आल्या नाहीत की करमायचं नाही.

त्यांचा खरा सण म्हणजे बोरनहाण. संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंतचा एक दिवस धरून मारुतीच्या मंडपात गल्लीतल्या सगळ्या लहान पोरांना त्या एका रांगेत पाटावर बसवायच्या. बोरं खर्ड्याच्या बाजूनं मागवायच्या, उसाची कांडकी श्रीगोंद्याच्या बहिणीकडून यायची. आणि हलव्याचे दागिने त्या स्वतः करायच्या. आठ-दहा दिवस मंद आचेवर परात, तिच्यात साबुदाणा, वरून चमचा चमचा पाक आणि बोटांनी सतत हलवणं. घाई केली तर दाण्याला काटा येत नाही, नुसता गोळा होतो. त्यांच्या उजव्या हाताची बोटं भाजून भाजून गुळगुळीत झाली होती. एकेका पोराचं माप घेऊन मुकुट, हार, बाजूबंद, मुलगा असला तर मुरली. बाजारात मिळणारे दागिने बघून त्या नाक मुरडायच्या. "ह्याला काटा म्हनत्यात व्हय? हे तर टक्कल पडल्यावानी दिसतंय."

अभयचं पहिलं बोरनहाण होतं तेव्हा तो चौदा महिन्यांचा होता. काळं झबलं घातल्यापासूनच त्यानं भोकाड पसरलं. दागिने चढवताना तर अंग टाकून द्यायला लागला. सगळी पोरं शहाण्यासारखी बसलेली आणि माझंच एकटं बोंबलत होतं. माझ्या सासूबाई समोर बसून शेजारणीला म्हणाल्या, "हिला पोर सांभाळता येत न्हाई." ते मला ऐकू यावं असंच म्हणाल्या. माझ्या डोक्यात सणक गेली. परातीत बोरं, चुरमुरे, शेंगदाणे कालवलेले होते. मी त्यातला एक शेंगदाणा उचलला आणि रडताना उघडलेल्या त्याच्या तोंडात कोंबला. गप्प बसावा म्हणून. तो खरंच गप्प बसला. मग खोकला, लालबुंद झाला, पुन्हा खोकला... आणि रडायला लागला. "ठसका लागला," मी म्हणाले. सगळ्यांनी त्याच्या डोक्यावर बोरं ओतली.

तिसऱ्या दिवशी ताप भरला आणि छातीत शिट्टी वाजायला लागली. इथल्या डॉक्टरांनी दोन दिवस औषध दिलं, मग म्हणाले, नगरला न्या. नगरच्या दवाखान्यात फोटो काढले, भूल दिली आणि घशातून दुर्बीण घातली. आमचे हे औषधं आणायला खाली गेले होते. सासूबाई बाहेरच्या बाकावर माळ ओढत होत्या. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं आणि स्टीलच्या वाटीत काढून ठेवलेला तुकडा दाखवला. अर्धा शेंगदाणा. फुगून पांढरट झालेला. "एवढ्या लहान पोराला शेंगदाणा कुणी दिला?" त्यांनी विचारलं. मी वाटीकडे बघत राहिले. ते वैतागून निघून गेले. कागदावर त्यांनी इंग्रजीत, श्वासनलिकेतून बाहेरची वस्तू काढली, एवढंच लिहिलं होतं.

मी बाहेर आले. सासूबाईंनी विचारलं, "काय निघालं?"

"हलव्याचा दाणा," मी म्हणाले.

ठरवून नाही म्हणाले. खरं सांगितलं असतं तर त्या बाईनं पोर माझ्या हातात पुन्हा दिलं नसतं, आणि माझ्या माहेरच्यांना बोलावून दारात उभं केलं असतं. त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही. पण ते पहिल्या वेळेचं झालं. नंतर मी ते शंभरदा म्हणाले, आणि तेव्हा मला विचार करायला भरपूर वेळ होता.

आम्ही परत आलो त्याच आठवड्यात बायकांनी त्या वर्षीचे दागिने आपापल्या घरातून काढून उकिरड्यावर टाकले. वहिनींना कुणी काही विचारलं नाही. आधी बारशाला बोलावणं बंद झालं, मग डोहाळजेवणाला. आणि मग तो शब्द आला, जो इतकी वर्षं सगळ्यांच्या जिभेवर होता आणि कामाची बाई म्हणून गिळून ठेवला होता. वांझेच्या हातचं. बायका जणू कुणीतरी सुरुवात करण्याचीच वाट बघत होत्या.

पुढच्या संक्रांतीला त्या तरीही आल्या. डबा घेऊन दारोदार. प्रत्येक दारात तेच उत्तर, "आमी बाजारचं आनलंय." आमच्या दाराशी आल्या तेव्हा सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि आडव्या हातानं दार धरून म्हणाल्या, "एकदा गिळायला बघितलंस तेवढं बास झालं." मी आत कणीक मळत होते. वहिनी सासूबाईंकडे न बघता त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होत्या.

"सुनंदा," त्या म्हणाल्या, "काय निघालं गं त्याच्या घशातनं? तू बघितलंस ना?"

"हलवाच होता, वहिनी."

त्यांनी डब्याचं झाकण दाबून लावलं. मग "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. मी कणीक मळत राहिले. कणीक फार घट्ट झाली आणि त्यावरूनही मला बोलणी बसली.

त्यानंतर तेवीस वर्षं त्या त्या घरात राहिल्या. कुठे जाणार? त्यांचे यजमान एसटीच्या डेपोत होते, ते निवृत्त झाले आणि मग वारले. गल्लीतले सगळे कार्यक्रम चालू होते. आता तर मंडपात ध्वनिक्षेपक असतो, मुलांच्या मागे फुग्यांची कमान असते आणि बायका मोबाईलवर रील करतात. काही वर्षं त्याचं सगळं नियोजन माझ्याकडेच होतं. कुणीतरी करायला हवं होतं ना. वहिनींच्या घरावरून पोरांना मंडपाकडे मिरवत नेताना आम्ही आवाज कमी करायचो. त्याला आम्ही माणुसकी समजत होतो.

सासूबाई गेल्यावर मी खरं सांगू शकले असते. रागावणारं कुणी उरलं नव्हतं. पण तोवर ते खोटं मला घरातल्या जुन्या कपाटासारखं झालं होतं, हलवायचं म्हटलं तर सगळं घर विस्कटेल. वहिनींना मूत्रपिंडाचा आजार झाला, त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मात्र मी गेले. दुपार होती. पुतण्या औषधं आणायला बाहेर गेला होता. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी उशाशी बसले आणि बोलायला सुरुवात केली. "वहिनी, त्या वेळी..."

"शेंगदाना व्हता," त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या.

त्या हळूहळू माझ्याकडे वळल्या. "साखर हाय ती, आत साबुदाना, त्यो बी भिजून इरतो. पान्यात घातली की घटकाभरात जाती. पाच-सा दिवस छातीत ऱ्हाईल व्हय? मला पयल्या दिसापासनं कळलं हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

"वांझेचं कोन ऐकतंय? तू बोलायला पायजे हुतं. मी वाट बघत हुते. म्हनलं, बघू तरी किती वर्सं लागत्यात हिला."

मी रडायला लागले. मला वाटलं, आता त्या माझ्या डोक्यावर हात ठेवतील. मी खरंच तशी अपेक्षा करत होते, हे लिहिताना लाज वाटते. "वहिनी, मी सांगते सगळ्यांना. उद्याच सांगते."

"न्हाई सांगायचं," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण पूर्वीचाच होता. "आता सांगून तुझा जीव हलका हुईल. माझं काय? माझं जायचं ते गेलं. मी मेल्यावर तर अजिबात सांगायचं न्हाई. ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी." मी पाणी पुढे केलं तर त्यांनी भांडं माझ्या हातून घेतलं नाही. "ठिव तिथं. आन् जा आता. दार लोटून घे." त्यानंतर बारा दिवसांनी त्या गेल्या.

तेराव्याला त्यांच्याच अंगणात सगळ्या बायका जेवायला आल्या होत्या. हलवा करावा तर मंदावहिनींनीच, असं सगळ्या म्हणत होत्या. एक जण बुंदी वाढून घेता घेता म्हणाली, "फकस्त तेवढं एक झालं बगा. सुनंदाताईंनी लई सोसलं." सगळ्यांनी माझ्याकडे कळवळ्यानं बघितलं. आणि मी... मी मान डोलावली. आजही ती मान मला आरशात दिसते.

म्हणून हे लिहिलं. वहिनींनी नको म्हटलं होतं, तरी लिहिलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, याचा उपयोग मलाच आहे. त्यांच्या इच्छेला मी आधी किंमत दिली नाही, आताही देत नाही.

वर्तमानपत्राच्या पुरवणीला पाठवायच्या आधी हे अभयला दाखवणं भाग होतं. शेंगदाण्याचं त्यालाही माहीत नव्हतं. तो आता पंचवीस वर्षांचा आहे, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला जातो. सकाळी चहा पिता पिता त्यानं वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले.

"यात एक राहिलंय," तो म्हणाला.

"काय?"

"आजी शाळेत सोडायला न्यायची तेव्हा त्यांच्या दारासमोर मला तीनदा थुंकायला लावायची. मग रस्ता ओलांडून पलीकडून न्यायची. पुढं मी एकटा जायला लागलो तरी करायचो. त्या ओट्यावर बसलेल्या असायच्या. बघायच्या."

"लहान होतास रे तू."

"मी होतो. तू खिडकीत उभी असायचीस."

त्यानं कप विसळून ठेवला, डबा घेतला आणि गाडी काढली. वहिनींच्या घराला आता कुलूप आहे, ओट्यावर पुतण्यानं काटेरी फांदी टाकून ठेवली आहे. त्या घरापाशी येईपर्यंत अभयची गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनं सरळ चालली होती. तिथं आल्यावर ती आपोआप पलीकडच्या कडेला गेली आणि घर मागे पडल्यावर पुन्हा अलीकडे आली. त्याच्या लक्षातही आलं नसावं. मी खिडकीत उभी होते.