साताऱ्याला पायी

लॉकडाउनला नावं न ठेवणारा माणूस अख्ख्या आयर्लंडमध्ये एकच होता आणि तो नेमका नास नावाच्या गावात माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. वय नव्वद, दात स्वतःचे आणि मतं दातांहून घट्ट. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणायची. २०२० सालात सगळी कॉलनी घरात बसून कण्हत-कुथत असताना हे गृहस्थ मात्र बंदिवासातले जाणकार असल्यासारखे वागत. "ही कसली कैद? हिच्यात बिस्किटं आहेत!" सकाळी आठला दारात उभे राहून ते घरोघरचे पडदे मोजत आणि एखादा सरकला नसला तर सरळ फोन लावत. एका रविवारी मी नऊपर्यंत लोळत होते, तर "जिवंत आहेस ना? मग पडदा उघड," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवून दिला. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी चमचा असे. चमचा हरवलेला माणूस उपाशी मरतो, हे त्यांचं तत्त्वज्ञान. स्वयंपाकघराच्या खणात दोन डझन चमचे लोळत होते, ती गोष्ट वेगळी.

हे सगळं कुठून आलं, ते मला भाकरीमुळे कळलं. आईने साताऱ्याहून पाठवलेलं ज्वारीचं पीठ मी अगदी पुरवून पुरवून वापरत होते. एकदा मोठ्या कौतुकाने मी त्यातली एक गरम भाकरी आजोबांसाठी बागेच्या कट्ट्यावर ठेवली आणि नियमाप्रमाणे दोन मीटर मागे सरकले. आजोबांनी ती हुंगली आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की मीच वरमले. "पोरी, हे धान्य मी दोन वर्षं खाल्लंय. पुन्हा तोंडात घालणार नाही, अशी शपथ घेतली होती." विशीत ते नोकरीसाठी अमेरिकेला गेले. तिथे सक्तीच्या भरतीचा कागद आला आणि ज्या देशाचे ते अजून नागरिकही नव्हते, त्याच्या गणवेशात कोरियाच्या लढाईवर त्यांची रवानगी झाली. महिन्याभरात पकडले गेले. छावणीत उकडलेली ज्वारी मिळे, मीठसुद्धा नाही. आणि पाहुणचार म्हणून मी नेमकी तीच वाढली होती! पण अन्न टाकणं हे त्यांच्या लेखी शपथ मोडण्याहून मोठं पाप. लोणी आणि संत्र्याचा मुरांबा थापून त्यांनी शेवटचा तुकडाही संपवला आणि निकाल दिला, "ग्रँड. तिथे लोण्याचीच तेवढी उणीव होती."

त्यानंतर मी त्यांच्या रोजच्या फेऱ्यांत सामील झाले. छावणीत ते आणि टेक्सासचा एक शेतकरी पोरगा कुंपणाच्या आत चकरा मारत एकमेकांना घरी नेत. एक दिवस आजोबांच्या गावच्या स्टेशनापासून त्यांच्या दारापर्यंत, दुसऱ्या दिवशी त्याच्या. थापा मारायच्या नाहीत आणि वळण गाळायचं नाही. "टेक्सासचा रस्ता म्हणजे तीन मैल नुसतं गवत! आणि त्यातलं एक पातंही गाळू देईना तो." आता कॉलनीतल्या हिरवळीभोवती, मधे दोन मीटर अंतर ठेवून, आम्ही साताऱ्याला निघायचो. एसटी स्टँड, राजपथ, मोती चौक. कंदी पेढ्यांच्या दुकानावरून मी घाईने पुढे गेले की आजोबा जागीच उभे राहत. "आज रांग नाही? काल तर होती." मग मुकाट्याने रांगेत उभं राहायचं, पेढे घ्यायचे आणि आमच्या गल्लीत वळायचं. तिथवर आलं की मला आईची इतकी आठवण यायची की पुढचं बोलवत नसे. आजोबा ढगांकडे बघत थांबून राहायचे.

२०२१च्या एप्रिलात तिकडे दुसरी लाट उसळली. माझं जाणं आणखीच लांबलं. एका दुपारी आम्ही असेच आईच्या दाराशी पोचलो आणि आजोबांनी सहज विचारलं, "काल फोनवर काय म्हणाली आई?"

खोटं बोलायचं नाही, हा तर नियमच होता. बारा दिवसांत मी फोन केलाच नव्हता. ती दर वेळी विचारायची, 'कधी येणार?' माझ्याकडे उत्तर नसायचं आणि मग ती गप्प व्हायची. ते गप्प होणं मला सोसत नव्हतं, म्हणून मी नुसते मेसेज टाकत होते.

मी हे सगळं सांगितलं तशी आजोबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "मी दोन वर्षं दिवसाआड आईच्या दारापर्यंत चालत गेलो. सुटून आलो तेव्हा कळलं, ती पहिल्याच हिवाळ्यात गेली होती. मी बेपत्ता असल्याची तार तिला मिळाली होती. जिवंत आहे, हे सांगणारं पत्र पोचलं, तोवर घरात ती नव्हती. तुझ्या खिशात फोन आहे, पोरी."

एवढं बोलून ते पुढे चालू लागले. मराठीचं एक अक्षर कळत नसलं, तरी मायलेकींचं बोलणं कानावर पडू नये म्हणून नव्वदीचा माणूस जवळजवळ पळत होता.

आईने पहिल्याच रिंगला फोन उचलला. "अगं, जेवलीस का?" मग माझं काम, इथली थंडी, तिच्या गुडघ्याचं दुखणं, सगळं बोलून झालं. आणि शेवटी तिने विचारलंच, "कधी येणार?"

"माहीत नाही गं, आई." इतक्या दिवसांत मी हे सरळ कधी म्हटलंच नव्हतं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मीही फोन कानाला धरून राहिले.

"बरं," आई म्हणाली, "मग उद्या परत विचारीन."