आसरांवर ढकललेला नारू

माझी नात डॉक्टरी शिकते. परवा तिच्या उशीएवढ्या जाड पुस्तकात मी नारू शोधला. दोन ओळी मिळाल्या. हा रोग आपल्याकडे आता उरला नाही, म्हणाली. उत्तम झालं. मी शिकत होते तेव्हा आमच्या उर्दू पुस्तकात तो चांगला पाऊण पान होता, आणि ते पाऊण पान मी वाचलेलं नव्हतं. वरच्या वर्गातल्या मुलींनी सांगितलं होतं, हा खेड्यातला रोग, परीक्षेत विचारत नाहीत. परीक्षेत विचारला नाही हे खरं. पुढं मला तो कुणी विचारला, तेच इथं लिहिते आहे.

निजामाच्या राज्यात डॉक्टरी शिकायची तर हैदराबादला जायचं आणि उर्दूत शिकायचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला पाठवलं तेव्हा भावकीतले लोक दोन वर्षं आमच्या ओट्यावर चढले नाहीत. अशा मुलीनं सुट्टीत गावी आल्यावर जरा मान खाली घालून राहावं की नाही? मी गाडीतून उतरले ती मैत्रिणीकडून मागून आणलेली छाती तपासायची नळी गळ्यात घालूनच. भोकरदनच्या वाटेवरचं आमचं लहानसं गाव. आठ दिवसांत माझ्या सगळ्या गावाच्या जिभा बघून झाल्या. म्हशीचीही नाडी पाहिली असती, पण म्हैस मला ओळखून होती, लाथ मारायची.

उन्हाळा कडक होता. एके दिवशी काकूंनी मला बोलावलं. त्यांच्या सुनेच्या, म्हणजे माझ्या वहिनीच्या, घोट्यावर सुपारीएवढा फोड आला होता. पायात आग आग होत होती. आदल्या दिवशी अंगावर पित्त उठलं होतं, मळमळही होती. नव्या विद्यार्थ्यासाठी एवढी खूण पुरे. पण मी चुलीकडं पाहिलं आणि निदान करून टाकलं.

"निखारा उडाला असेल. भाजलंय."

"मला तर नारू वाटून राह्यला," काकू म्हणाल्या.

"काकू, भाजल्याचा फोड आहे हा. थंड पाण्यात पाय सोडून बसायचं. बारवेवर जा वहिनी, पायऱ्यांवर बस."

आमची बारव म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायची विहीर. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरायच्या. सगळं गाव तेच प्यायचं.

काकू एकदम ताठ झाल्या. "न्हाई, माय. नारूच्या पायानं बारवेत उतरू न्हाई. आसरा कोपतात."

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी, देवता. बारवेच्या कोनाड्यात त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड होते. मी जे हसले ते आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. "शिकलेल्या माणसानं सांगायचं आणि तुम्ही दगडांचं ऐकायचं," असं म्हणून मी वहिनीला दंडाला धरून बारवेवर नेलं आणि तिचा पाय स्वतःच्या हातानं पाण्यात बुडवला. फोड फुटला. पाण्यात दुधासारखी एक धार पसरली. वहिनीनं डोळे मिटले, "हा बाई, थंड वाटलं." मी मोठ्या दिमाखानं वर पाहिलं. वर उभ्या असलेल्या बायकांनी खाली उतरून घागरी भरून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी फोडाच्या जागी पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक दिसायला लागलं, नारूच्या जंताचं. मी गाडी जुंपवली आणि वहिनीला घेऊन जालन्याच्या दवाखान्यात गेले.

तिथले डॉक्टरसाहेब वयस्क होते, सावकाश बोलणारे. त्यांनी दोऱ्याचं टोक हलकेच एका बारीक काडीला गुंडाळलं. "रोज बोटभर. ओढायचा नाही. तुटला तर आत पू होईल, पाय जाईल." मग मला विचारलं, "फोड फुटला तेव्हा पाय कुठं होता, बीबी?"

"पाण्यात."

"कुठल्या?"

मी सांगितलं. कुणी बुडवला तेही सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते. शांतपणे समजावून सांगितलं. ती दुधासारखी धार म्हणजे नारूची हजारो पिल्लं. पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे या पिल्लांना गिळतात. दोनेक आठवड्यांनी जो ते पाणी पिईल, त्याच्या पोटात किड्यांसकट ती जातात आणि वर्षभरानं पायातून बाहेर येतात. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, वेळी विहिरीत टाकतात त्या लाल दवेचा इथं उपयोग नाही. पण किडे कापडात अडकतात. दुपदरी कापडातून पाणी गाळून प्यायलं तर कुणाला काही व्हायचं नाही. निदान दीड महिना तरी गाळायचं.

"म्हणजे आत्ताच सांगितलं तर सगळे वाचतील?" मी विचारलं.

"सगळ्यांना सांगितलं तर," ते म्हणाले.

परत येताना वहिनी गाडीत झोपली आणि मी भाषण जुळवत बसले. चूक माझी झाली, हे वाक्य काही केल्या त्यात बसेना. आबांनी भावकीशी वैर घेऊन मला शिकवलं. उद्या तीच भावकी म्हणेल, शिकली आणि गावात नारू पेरला. हे एक कारण. दुसरं कारण त्याहून लहान होतं: मला लाज वाटत होती.

शेवटी काकूंपाशी गेले आणि सगळं सांगून टाकलं. काकूंनी ऐकलं, तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

"तुझ्या किड्यांचं कोण ऐकंल? आसरांचं ऐकतील."

"म्हणजे?"

"आसरा कोपल्यात म्हणायचं. दोन महिने पाणी दुपदरी फडक्यातून गाळून प्यायचं, असं सपनात आलं म्हणायचं. माझ्या. तुझ्या सपनावर कोन इस्वास ठेवनार?"

दुसऱ्या दिवशी काकूंनी बारवेवर हळदीकुंकू वाहून आपलं स्वप्न सांगितलं. मी शेजारी उभी राहून, गळ्यात नळी घालून, मान डोलावली. संध्याकाळपर्यंत घरोघर घागरींच्या तोंडावर जुन्या लुगड्यांची फडकी बांधली गेली. मी दारोदार फिरून पदर मोजले. कुठं एकपदरी दिसलं की म्हणायची, "आसरांना चालायचं नाही हे." एवढी भाविक मुलगी हैदराबादेहून आलेली गावानं पाहिली नव्हती.

एक माणूस मात्र आसरांना मानत नव्हता. आबा. त्यांचं शेत बारवेला लागून होतं. औत सोडलं की पायऱ्या उतरून ओंजळीनं पाणी प्यायचे. काकूंनी हटकलं तर मोठ्यानं हसले.

"माझी पोर डॉक्टरी शिकून राह्यली, अन् तुम्ही मला आसरांचं सांगता? इचारा तिला. काय गं?"

मी तिथंच होते. खालच्या पायरीवर. आबांची ओंजळ भरलेली होती. मी म्हणाले, "गाळून प्यावं, आबा. चांगलं असतं."

"हां हां, प्यावं बिलकुल," म्हणाले आणि प्यायले.

त्यापुढची दोन वाक्यं मला बोलायची होती: पाण्यात नारू आहे, आणि तो मीच सोडला. रोज ठरवायची. सुट्टी संपली आणि मी हैदराबादला गेले. तोवर वहिनीचा नारू अख्खा निघाला होता, ती चालायला लागली होती.

पुढच्या उन्हाळ्यात गावी आले ती पाय बघायलाच. कुणाच्या पाया पडायच्या निमित्तानं, कुणाच्या पायातला काटा काढायच्या निमित्तानं. म्हातारीकोतारी म्हणाली, किती नम्र झाली पोरगी. दोन आठवड्यांत गावातले जवळजवळ सगळे पाय बघून झाले. एकही फोड नाही. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

त्याच आठवड्यात आबा औतावरून लंगडत आले. अंगावर पित्त उठलेलं, टाचेच्या वर फोड.

"बघ बरं डॉक्टरीणबाई, काय आहे हे?"

जन्मातलं पहिलं अचूक निदान मी बापाच्या पायावर केलं. "नारू," म्हटलं आणि त्यांचा पाय मांडीवर घेऊन सगळं सांगितलं. धार, डॉक्टरसाहेब, काकूंचं स्वप्न, ती ओंजळ. मला वाटलं, आता शिक्षण बंद.

"म्हंजे," आबा म्हणाले, "गाव सारं आसरांना भिऊन वाचलं. अन् तुझ्यावर भरवसा ठेवणारा मी एकटाच निघालो."

मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं. "मंग आता काढ. बराबर काढ."

तेवीस दिवस काढत होते. तांब्यानं पाणी पायावर सोडायचं, ते घमेल्यात धरायचं, तापलेल्या मातीवर ओतायचं. मग टोक भिजवून काडीला अर्धा वेढा. कधी बोटभर यायचा, कधी तसूभरही नाही. मी घाई केली की आबा म्हणायचे, "सावकाश, पोरी. मी कुठं पळून चाल्लो?" औताला दुसऱ्याला लावावं लागलं. पेरणी तोंडावर आलेली. एकदाही टोचून बोलले नाहीत.

पण नारू सगळा निघाला त्या दिवशी म्हणाले, "आता बारवेवर जायचं. खरं काय ते बायांना सांगायचं. आसरांच्या माथी कशाला?"

मी गेले. सकाळची वेळ, दहा-बारा बायका पाणी भरत होत्या. मी पहिल्या पायरीवर उभी राहून सगळं सांगितलं. आसरा कोपल्या नव्हत्या, चूक माझी होती, मीच फोडाचा पाय पाण्यात बुडवला, किडे असतात, फडक्यात अडकतात. बायका ऐकत होत्या. काकू माझ्याकडं न बघता घागर घासत होत्या.

एकीनं विचारलं, "मंग आता फडकं बांधायचं सोडून द्यायचं का?"

"नाही नाही, सोडायचं नाही. कधीच सोडायचं नाही."

"अन् नारूच्या पायानं पाण्यात उतरायचं?"

"बिलकुल नाही."

"मंग," घागर डोक्यावर चढवत ती म्हणाली, "नवं काय सांगितलंस, बाई? सर बाजूला, ऊन चढून राह्यलं."