गुणाजींनी पाहिलेला पायातला जोर

आता तुमच्यापासून काय लपवू? माह्या भेकडपणापायी एका भल्या माणसाची कंबर गेली.

त्या साली कापसाले असा भाव चढला, की अख्खं बार्शीटाकळी अकोल्याच्या रस्त्यावर. मीही बैल दामटले, अन् भरली गाडी उलटून डाव्या पायावर आली. नडगी मोडली.

बाळापूरचे गुणाजी हाडं बसवत. त्यांनी बांबूच्या कामट्या बांधून मले खाटेवर निजवलं. पण भेटाले येणारा जो तो एकच सांगे. अमरावतीले म्हणे कोण्या गाडीवानाचा पाय बसला नाही, तं साहेबाच्या दवाखान्यातल्या दागदरनं करवतीनं कापून टाकला. ऐकून ऐकून माही झोप उडाली.

मंग दीड महिन्यानं एका सकाळी गुणाजी आले. दारातच माह्या बायकोशी, सखूशी, हळू आवाजात बोलू लागले. मी कान टवकारले.

"आज जोर पाहतो. नसला, तं कापा लागन."

"कापा ना," सखू म्हणाली. "करवत शेजारून आणते."

विळी मागावी इतक्या सहज बोलली हो. मले दरदरून घाम फुटला. पळावं म्हणलं, तं कोणत्या पायानं?

गुणाजींनी कामट्या सोडल्या. पाय तुरीच्या काडीवाणी वाळला होता. बोटं हलव म्हणाले, हलवली. गुडघा उचल म्हणाले, उचलला, पण तो लटलट कापे. गुणाजींच्या कपाळाले आठी पडली.

त्यांनी खाटेवर बसून डाव्या तळपायाले हात लावला. "रेट आता. असन तेवढा जोर लाव."

मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, अन् अशी लाथ दिली, की गुणाजी खाटेवरून थेट उंबऱ्यात.

"पाहिला जोर?" मी ओरडलो. "आता पाय कापू नोका."

सखू धावत आली. "अवो, पाय कोण कापते? बाभळीची फांदी कापाची होती, तुमच्या कुबडीसाठी."

मले असं हायसं वाटलं, की गुणाजी कंबर धरून कण्हत होते तरी मी इचारलंच, काका, पाय तं बरा झाला ना? कुबडी नको ना आता?

गुणाजींनी कशीबशी मान वर केली. "मोडला तो डावा, बापू. मले मारला तो उजवा."

शेवटी फांद्या दोन कापल्या. मोठी गुणाजींले लागली.