शेककाकांचं पाणी बंद

डायव्हिंग सेंटरच्या मागच्या खोलीत जो माणूस बसतो, त्याचं खरं नाव मालकालाही चटकन आठवत नाही. सगळे त्यांना शेककाका म्हणतात. पूर्वी ते एका दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर थकले, दवाखान्याला कुलूप लागलं, आणि काका आपले चिमटे घेऊन इथे आले. खोलीत एक बाकडं, एक गीझर, बादल्या आणि व्हिनेगरच्या बाटल्या. सुट्टीवर आलेली माणसं पाठीला सिलिंडर बांधून हसतखिदळत समुद्रात उतरतात आणि त्यातलं एखाददुसरं रोज लंगडत काकांकडे येतं.

"काका, मासा चावला हो."

"मासा नाही चावला. तुम्ही पोवळ्यावर गुडघा घासलात. मासा बिचारा लांबून बघत असेल."

एकदा एका गृहस्थांच्या दंडाला जेलीफिश चाटून गेली. त्यांच्या मेव्हण्याने लगेच पँटच्या चेनला हात घालून त्यावर एक नैसर्गिक उपाय करण्याची तयारी दाखवली. सिनेमात पाहिला होता म्हणे. काका शांतपणे म्हणाले, "दाजींवरचा राग दुसऱ्या कशाने तरी काढा. इथल्या जेलीफिशला आमचं व्हिनेगर पुरतं."

जीव लावून शेक द्यायचे ते. बादलीतल्या पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवायचं, मगच पेशंटचा पाय. मात्र एका बाबतीत काका दगड. जखम केवढीशीही असो, त्या दिवशी पाणी बंद. लोक गयावया करत, उद्याच्या विमानाची तिकिटं दाखवत. काका म्हणत, "समुद्र कुठे जात नाही."

आता गंमत अशी, की लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण ही म्हण इतकी शब्दशः दुसऱ्या कुणाला लागू पडली नसेल. काकांनी आजवर पाण्याखाली डोकं घातलं नव्हतं. आंघोळीला डोक्यावरून तांब्या घेतानाही ते डोळे मिटून, श्वास कोंडून, एखाद्या संकटाला सामोरं गेल्यासारखे बसत. आणि असल्या माणसाच्या पोटी मुलगी निघाली ती मासोळी. याच सेंटरवर शिकली, याच सेंटरवर लोकांना शिकवू लागली. आता दुसऱ्या देशातल्या मोठ्या सेंटरने तिला बोलावलं होतं. उद्या सकाळी निघायचं होतं.

तिचं वडिलांकडे मागणं एकच. "बाबा, जायच्या आधी एकदा माझ्याबरोबर खाली चला. मी दिवसभर काय करते ते तुम्ही कधी पाहिलंच नाहीत."

काका दर वेळी हो म्हणायचे. मग कधी कान दुखायचा, कधी सर्दी व्हायची, कधी पेशंट यायचा. पेशंट आला नाही तर ते दारात उभे राहून त्याची वाट बघायचे.

आज मात्र काकूच येऊन बसल्या होत्या. "आज गेला नाहीत तर ती काही बोलायची नाही," त्या म्हणाल्या. "पण मी इथेच आहे, आणि मी बोलेन."

काकांनी रबरी पोशाख चढवला. आरशात बघून म्हणाले, "सोललेलं वांगं शोभतोय."

"न सोललेलं," काकू म्हणाल्या. "चला."

लेक सामान जुळवत होती. काका पायऱ्यांपाशी गेले आणि इतक्या वर्षांची सवय नडली. पाणी आधी आपण बघायचं, मग दुसऱ्याने. त्यांनी एका पायातला रबरी बूट काढला आणि समुद्र किती गरम आहे ते पाहायला पाय खाली सोडला. खडकाच्या फटीत काळ्या काट्यांचा एक गोळा बसला होता. साळिंदराचा पाण्यातला चुलतभाऊच. काकांची टाच नेमकी त्याच्यावर.

"काय झालं?" लेक धावत आली.

"काही नाही गं. जरासं टोचलंय."

"दाखवा."

"अगं, दुखतसुद्धा नाही. हे बघ, चालतोय मी. उद्या तुझं विमान आहे, आता कसला वेळ घालवतेस." बोलता बोलता काकांच्या लक्षात आलं, की हे सगळं आपण हजारदा ऐकलेलं आहे.

लेकीने टाच पाहिली. "पाणी बंद," ती म्हणाली.

बाकड्यावर आज काका बसले आणि समोर उकिडवी लेक. तिने बादलीत कोपर बुडवून पाहिलं, त्यांचा पाय आत सोडला, आणि काटे मऊ पडल्यावर चिमट्याने अलगद काढू लागली. मान वर न करताच ती हळूच म्हणाली, "बाबा, खरं सांगा. सुटलात ना?"

काकांना काटा लागला नव्हता एवढं ते लागलं. आजवरच्या सर्द्या आणि कानदुख्या विरुद्ध बाजूने साक्षीला उभ्या होत्या.

पट्टी बांधून झाल्यावर ते लंगडत बाहेर आले. अंगणात डायव्हिंगचं सामान खळबळून काढायचा गोड्या पाण्याचा हौद होता. नुकताच धुऊन भरलेला. काका त्याच्या कठड्याला टेकले, पट्टीचा पाय स्टुलावर ठेवला.

"तो मास्क आण. आणि तोंडात धरायची ती नळीही."

"बाबा, पाणी बंद म्हटलं ना."

"पायाला बंद. डोक्याला कुठे लागलंय?"

तिने सिलिंडर जवळ ओढला, मास्क नीट बसवला आणि त्यांचा हात हातात घेतला. काकांनी तो घट्ट आवळला. त्यांनी काकूंकडे एकदा निरोप घेतल्यासारखं पाहिलं आणि डोकं हौदात घातलं.

पहिला श्वास निघेचना. मग निघाला. बुडबुडे वर आले, पुन्हा आले, हळूहळू त्यांना एक लय लागली. लेकीच्या हातावरची पकड सैल झाली, पण डोकं काही वर येईना. तेव्हा लेकीनेही मास्क लावला आणि श्वास धरून त्यांच्या शेजारी डोकं आत घातलं.

तळाला निळ्या फरश्या होत्या आणि कुणाचा तरी एक विसरलेला मोजा. मासा औषधालाही नव्हता. काका मात्र समोरच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. पाण्यात तो मोठा दिसत होता, केस वर तरंगत होते, आणि लेक हसत होती. तिने अंगठा आणि तर्जनी जुळवून खूण केली: सगळं ठीक? काकांनी तशीच खूण परत केली. ती श्वासासाठी वर गेली, लगेच खाली आली, आणि तिने पुन्हा विचारलं.